मेणात बुडवून आलेला कोबाल्ट : एका फिशर-ट्रॉप्श कॅटलिस्टचा रिव्ह्यू

पाचपैकी चार तारे देते. एक का कापला ते पुढे येईलच, पण माल चोख आहे हे आधीच सांगून टाकते.

कंपनीचं नाव लिहिता येणार नाही. करारातच तशी अट आहे. चाचणीचे निकाल उत्पादकाच्या नावानिशी बाहेर द्यायचे नाहीत, दाणे फोडून आत काय आहे ते तपासायचं नाही, वापरून झाल्यावर सगळा माल परत पाठवायचा. या धंद्यात हे असंच चालतं. सिंथेटिक इंधनासाठी कोबाल्टचा कॅटलिस्ट (म्हणजे उत्प्रेरक, स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवणारा पदार्थ) विकणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच, त्यामुळे या कामातल्या लोकांना ड्रमचं वर्णन वाचून अंदाज येईल. बाकीच्यांनी, उद्या घ्यायची वेळ आलीच तर विक्रेत्याला काय काय विचारायचं, एवढ्यापुरतं वाचा.

मी पुण्याजवळच्या एका संशोधन केंद्रात छोटे रिअॅक्टर चालवते. सध्याचं काम म्हणजे शेतातल्या काडीकचऱ्यापासून विमानाचं इंधन करता येईल का ते बघणं. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात 2027मध्ये 1 टक्का, 2028मध्ये 2 टक्के आणि 2030मध्ये 5 टक्के शाश्वत इंधन असावं असं लक्ष्य केंद्र सरकारने ठेवलं, तेव्हापासून आमच्या मजल्यावर वर्दळ वाढली आहे. 2023च्या मे महिन्यात पुण्याहून दिल्लीला देशी कच्च्या मालाचं इंधन मिसळून विमान गेलं, ते अल्कोहोलच्या वाटेने केलेलं होतं. आमची वाट निराळी. काडीकचऱ्याचं आधी सिनगॅस करायचं, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचं मिश्रण, आणि मग कॅटलिस्टवर त्याच्या लांब साखळ्या जुळवून घ्यायच्या. फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी जर्मनीतल्या म्युलहाइमला 1920च्या दशकात हे करून दाखवलं. या पद्धतीचं विमान-इंधन साध्या इंधनात 50 टक्क्यांपर्यंत मिसळायला 2009पासून मान्यताही आहे. रसायन शंभर वर्षं जुनं आहे, भांडण उरलंय ते कॅटलिस्ट टिकतो किती यावर.

कोबाल्टच का, लोखंड का नाही, हा प्रश्न आमच्याकडे प्रत्येक आढावा बैठकीत कोणीतरी विचारतंच. लोखंड स्वस्त आहे, आणि सिनगॅसमध्ये हायड्रोजन कमी असला तरी वाफेपासून आपला आपण बनवून घेतं. म्हणून कोळशाच्या गॅसवर ते बरं चालतं. दक्षिण आफ्रिकेत सासोल कंपनीने 1955पासून लोखंडावरच संसार केला. पण लोखंडाचं आयुष्य कमी, आणि सारखा ताजा माल घालत राहावा लागतो. कोबाल्टला एका कार्बन मोनॉक्साइडमागे साधारण दोन हायड्रोजन हातात आणून द्यावे लागतात, पण तो मेणासारख्या लांब साखळ्या करतो, आणि नीट सांभाळला तर वर्षानुवर्षं चालतो. मेण मग हायड्रोक्रॅक करून, म्हणजे हायड्रोजनखाली साखळ्या तोडून, हवं तेवढं आखूड करून घ्यायचं. धातू महाग असल्याने सगळं गणित टिकाऊपणावर येऊन थांबतं. लवकर मेलेला कोबाल्ट कोणालाच परवडत नाही.

आता मालाबद्दल. स्लरी रिअॅक्टरसाठीचा, म्हणजे वितळलेल्या मेणात दाणे तरंगते ठेवणाऱ्या रिअॅक्टरसाठीचा, हा कॅटलिस्ट आहे. अल्युमिनाचे बारीक गोल दाणे, त्यावर कोबाल्ट, जोडीला थोडासा मौल्यवान धातू. हे आधीच हायड्रोजनमध्ये तापवून तयार केलेलं असतं, म्हणजे कोबाल्ट ऑक्साइडच्या नाही तर धातूच्या रूपात असतो. असा कोबाल्ट उघड्यावर ठेवला तर हवेतच पेट घेतो. म्हणून सगळे दाणे मेणात बुडवून, मेण गोठवून पाठवतात. ड्रम उघडला की आत काळसर वड्या. आमच्या खरेदी विभागातल्या साहेबांनी त्या बघून विचारलं, "मॅडम, एवढ्या पैशांत हे डांबर आलंय का?"

पॅकिंगला पूर्ण गुण. वड्या नायट्रोजनच्या खोक्यात मोजायच्या, रिअॅक्टरमध्ये मेण आधीच वितळवून ठेवायचं आणि त्यात सोडायच्या. हायड्रोजनमध्ये जवळपास 400 अंशांवर तापवायची कटकट आपल्याकडे करावी लागत नाही. छोट्या जागेत काम करणाऱ्यांना याची किंमत कळेल, कारण नेमकं तेच काम सगळ्यात जोखमीचं असतं. धूळही उडत नाही, आणि कोबाल्टची धूळ छातीत जाणं काही चांगलं नव्हे.

रिअॅक्टर ढवळणारा, 20 बार दाब, तापमान 220 अंशांच्या आसपास. पावसाळाभर चालवला.

पहिल्या काही दिवसांत जोर उतरला. हे होतंच. दाण्यांची छिद्रं मेणाने भरतात, कोबाल्टचे अगदी बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, पृष्ठभाग नवा आकार घेतो. शितावरून भाताची परीक्षा होते, कॅटलिस्टची होत नाही. विक्रेते मात्र नेमकं पहिल्या आठवड्याचंच शीत दाखवतात. माहितीपत्रकावर जो सुंदर आलेख असतो त्याच्या आडव्या रेषेवर तास किती आहेत ते आधी बघा, आणि तापमान स्थिर होतं का तेही. कारण युक्ती अशी असते की कॅटलिस्ट दमला की तापमान एकेक अंश वाढवत जायचं, म्हणजे रूपांतरण (किती कार्बन मोनॉक्साइड वापरला गेला ते) तेवढंच दिसतं. आलेख सपाट येतो, पण तापमान वाढलं की मिथेनही वाढतं, आणि आपण मिथेन करायला बसलेलो नसतो. मोठ्या प्लँटमध्ये आयुष्य मोजतात तेही असंच. वरच्या मर्यादेपर्यंत किती अंश शिल्लक आहेत, तेवढं आयुष्य. या मालाने सुरुवातीची घसरण झाल्यावर अंश फार काटकसरीने खर्च केले. चार तारे मुख्यतः याचे.

दुसरी परीक्षा मेणाच्या रंगाची. रिअॅक्टरच्या आत गाळणी असते. दाणे आत राहतात, मेण बाहेर येतं. दर शिफ्टला ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये थोडं मेण काढून गोठू द्यायचं आणि ते खिडकीशी नेऊन बघायचं. दाणे एकमेकांवर आपटून झिजले की त्यांचा भुगा गाळणीतून निसटतो आणि मेणाला राखाडी झाक येते. यंत्राने मोजता येतं, मोजतोही, पण आमचे शिफ्टचे मामा यंत्राच्या आधी सांगतात.

"मॅडम, आजचं जरा मळकट वाटतंय."

"मामा, ट्यूबलाइटखाली नको, बाहेर उजेडात धरा."

उजेडात पांढरं निघालं. तळाशी ट्रेचाच ओरखडा होता. संपूर्ण रनमध्ये मेण मळलं ते फक्त अगदी सुरुवातीला, आणि ताज्या मालाची थोडी धूळ निघणं अपेक्षितच असतं.

हा मुद्दा किती महागात पडू शकतो त्याचं नावाजलेलं उदाहरण कतारमध्ये आहे. रास लफानचा ओरिक्स जीटीएल (नैसर्गिक वायूपासून द्रव इंधन) प्रकल्प, दिवसाला सुमारे 34,000 बॅरल क्षमतेचा, स्लरी रिअॅक्टरवर कोबाल्ट. सुरुवातीच्या काळात ठरवल्यापेक्षा कितीतरी जास्त बारीक भुगा तयार होऊ लागला आणि पुढची गाळण यंत्रणा त्याखाली दबली. पूर्ण उत्पादन गाठायला त्यामुळे बराच उशीर झाला. रसायन ठणठणीत होतं, दाणे झिजत होते. नंतर सासोलच्या लोकांनी अल्युमिनावर सिलिकाचा पातळ लेप देण्यासारखे उपाय लिहून ठेवलेत, त्याने गरम पाण्यात अल्युमिना विरघळण्याला आळा बसतो. या प्रक्रियेत इंधनाबरोबर पाणीही भरपूर तयार होतं, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. (त्याच रास लफानला शेलचा पर्ल प्रकल्प आहे, तिथे दाणे नळ्यांमध्ये स्थिर बसवलेले असतात, ढवळाढवळ नाही. त्यांची डोकेदुखी उष्णता बाहेर काढण्याची.)

आमच्याकडची खरी कसोटी मात्र कुठल्याच माहितीपत्रकात नसते. ती म्हणजे लाइट जाणं.

पावसात एका रात्री फीडर गेला. यूपीएसवर कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह चालतात, ढवळणी आणि हीटर नाही. ढवळणी थांबली की दाणे तळाशी बसतात. त्या ढिगात कार्बन मोनॉक्साइड जात राहिला तर उष्णता एकाच जागी साठते आणि ढीग स्वतःलाच भाजून घेतो. म्हणून कार्बन मोनॉक्साइड आपोआप बंद आणि नायट्रोजन सुरू, अशी व्यवस्था असते. ती चालली. मेण हळूहळू थंड होत होतं, आणि बाहेर जाणारी एक नळी गोठून बसली. लाइट आल्यावर पहाटेपर्यंत हीट गन घेऊन तिच्याशी झटापट झाली. कॅटलिस्टने मात्र सगळं निमूट सोसलं. परत चालू केल्यावर दिवसभरात जीसीवर (वायूतले घटक मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवर) रूपांतरण आधीच्या जागी आलं, मिथेनही वाढलेलं नव्हतं. पुढेही मोसमभर असे झटके बसत राहिले आणि दर वेळी तेच.

माझ्या मते आपल्याकडे टिकाऊपणा हा असा मोजायला हवा. कतारमध्ये नैसर्गिक वायू अखंड येतो, वीज अखंड येते, सिनगॅसला कधी खंड नाही. तिथले हजारो तास आणि आपल्याकडचे हजारो तास सारखे नाहीत. उद्या सूर्याच्या विजेवर हायड्रोजन करून त्यातून इंधन करायचं म्हटलं तर प्लँट रोज संध्याकाळी मान टाकणार. कॅटलिस्टला उठबस जमली पाहिजे. विक्रेत्याला हे विचारा: किती वेळा बंद-चालू करून बघितलाय? आमच्या विक्रेत्याच्या अभियंत्याने प्रामाणिकपणे सांगितलं की त्यांनीही मुद्दाम फारसं बघितलेलं नाही, आणि आमचे आकडे मागून घेतले. माणूस चांगला आहे, रात्रीही फोन उचलतो.

विषबाधेबद्दल. कोबाल्टला गंधक अजिबात चालत नाही, अब्ज भागांत दहा-वीस भागांच्या वर गेलं की तो कायमचा निकामी होत जातो. त्यामुळे आधी झिंक ऑक्साइडचा गार्ड बेड, म्हणजे गंधक अडवून धरणारा थर, हवाच. काडीकचऱ्याच्या गॅसमध्ये शिवाय अमोनिया, हायड्रोजन सायनाइड आणि राखेतले क्षार. आम्ही सध्या सिलिंडरचा शुद्ध गॅस वापरतो, तरी तिथेही एक फसवणूक आहे. कार्बन मोनॉक्साइड पोलादी सिलिंडरमध्ये साठवला की लोखंडाशी जुळून आयर्न कार्बोनिल होतं, ते वायूबरोबर येतं आणि गरम कॅटलिस्टवर लोखंड टाकून जातं. एका स्थानिक पुरवठादाराने पोलादी सिलिंडर पाठवले, वर 'चालतं हो, सगळे हेच घेतात' असंही ऐकवलं. परत केले. ॲल्युमिनियमचे सिलिंडर मागवा, आणि तरीही सक्रिय कोळशाचा सापळा लावा. या कारणाने फुकट गेलेल्या रनचं खापर कॅटलिस्टवर फुटतं, आणि मग 'परदेशी माल टिकत नाही' अशा गप्पा सुरू होतात.

रन संपल्यावर थोडा माल पुन्हा जिवंत करून बघितला. गरम द्रावकाने मेण धुवायचं, अगदी थोड्या ऑक्सिजनमध्ये जपून जाळून कार्बन काढायचा, मग हायड्रोजन. जाळताना कोबाल्टचं ऑक्साइड होतं आणि मोठे झालेले कण त्या खटाटोपात पुन्हा पसरतात. माल जवळजवळ नव्यासारखा झाला. पूर्वी बरेच जण म्हणायचे की पाण्याने कोबाल्ट गंजतो आणि म्हणून मरतो. दक्षिण आफ्रिकेतल्या सासोलबर्गच्या, दिवसाला 100 बॅरलच्या प्रात्यक्षिक रिअॅक्टरमधून वेळोवेळी नमुने काढून झालेल्या अभ्यासाने ते मागे टाकलं. नेहमीच्या परिस्थितीत दोष मुख्यतः कण मोठे होण्याचा, साठलेल्या कार्बनचा आणि पृष्ठभाग बदलण्याचा. या तिन्हींवर पुनरुज्जीवनाचा उतारा चालतो. गंधकावर चालत नाही.

आता कापलेला तारा. तो कागदपत्रांचा. दाणे फोडून बघायचे नाहीत ही अट मी समजू शकते, पण मग झिजेची चाचणी कुठल्या पद्धतीने केली, एवढं तरी लिहा. पत्रकात आकडा आहे, पद्धत नाही. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवले तर ते एकमेकांशी बोलतच नाहीत. रिडक्शनचं (हायड्रोजनमध्ये तापवून धातू केल्याचं) प्रमाणपत्रही ड्रम पोचून गेल्यावर, आठवण केल्यावर आलं. आणि कमीत कमी एक ड्रम घ्यावाच लागतो. आमच्यासारख्यांना लागतो त्यातला चमचाभर. उरलेला नायट्रोजनखाली पडून आहे आणि प्रत्येक सुरक्षा तपासणीत त्याच्यावर प्रश्न येतो.

कोणी घ्यावा? स्लरी रिअॅक्टर आहे, सिनगॅस स्वच्छ करायची सोय आहे आणि विजेची खात्री नाही, अशांनी डोळे झाकून घ्यावा. स्थिर बेडवाल्यांच्या कामाचा नाही, इतके बारीक दाणे नळीत भरले तर वायू पार जायला फार दाब लागेल. नुसता कोळशाचा, हायड्रोजन कमी असलेला गॅस हातात असेल तर लोखंडाचा विचार करा.

त्यांची गाळणीही सोबत घ्या असा आता आग्रह चाललाय. कोटेशन खरेदी विभागाकडे गेलंय, तेव्हापासून डांबरवाले साहेब जिन्यात भेटले तरी घाईत असतात.