७ एचपीचा पेट्रोल चिपर, माडाच्या झावळ्या आणि सारखं तुंबणारं तोंड

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. काजू, आंबा, जांभूळ असल्या सुक्या किंवा अर्धवट सुकलेल्या फांद्यांसाठी हा चिपर, म्हणजे फांद्यांचे बारीक तुकडे (चिप्स) करणारं मशीन, मस्त, पाचपैकी चार स्टार. माडाच्या ओल्या झावळ्यांसाठी दोन, तेही मूड चांगला असेल तर. आणि डीलरच्या सर्व्हिसला एक, कारण शून्य देता येत नाही. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाही, याच ढाच्याची मशीनं वेगवेगळ्या रंगांत सगळीकडे मिळतात आणि जे लिहितोय ते बहुतेकांना लागू पडेल.

आमचं गोव्यात फोंडा तालुक्यात छोटं कुळागर (बागायत) आहे, पोफळी, माड, त्यावर मिरी, मध्ये जायफळ आणि केळी, वरच्या बाजूला भरडावर काजू. पाडेली (नारळ पाडणारा) येऊन गेला की झावळ्यांचा ढीग पडतो, पूर्वी सरळ पेटवून द्यायचे पण आता शेजारी घरं झालीत, धूर कोणाला चालत नाही आणि चालूही नये, शिवाय तेच कुटून बुंध्याभोवती घातलं तर उन्हाळ्यात ओल टिकते. म्हणून हे घेतलं. ७ एचपी पेट्रोल इंजिन, पट्ट्यावर फिरणारी जाड लोखंडी डिस्क, डिस्कवर दोन पाती, खाली एक फिक्स पट्टी, डिस्कच्या मागे वेल्ड केलेले पंखे आणि वर चिप्स फेकणारं वाकडं नळकांडं. ३ इंचापर्यंतचं लाकूड खातो असं छापलंय. काजूची तेवढी फांदी खातो खरंच, ते खोटं नाही. पण पुढे ढकलायला घाई केली की इंजिन कण्हतं.

तक्रार अशी की नवं होतं तेव्हा चिप्स लांब जाऊन पडायच्या, सहज ट्रॉली भरायची. मग हळूहळू जोर गेला आणि पावसाळ्याच्या तोंडाला तर अशी अवस्था की पान खाणाऱ्याने अंगणात पिंक टाकावी तेवढ्या अंतरावर माल पडायचा, अर्धा माल उलटा हॉपरमधून (फांद्या घालायच्या तोंडातून) आपल्या चेहऱ्यावर यायचा, आणि दर थोड्या वेळाने नळकांडं गच्च. डीलरचा माणूस आला, नळकांड्यात काठी घातली, म्हणाला यालाच प्रॉब्लेम आहे, मोठं बसवून घ्या, सोबत ट्रॉलीपर्यंत नेणारं एक्स्टेन्शन पण देतो. पैसे चांगलेच घेतले. त्या एक्स्टेन्शनला मध्ये कोपरासारखा कडक वळसा, ओला माल तिथेच बसायचा, म्हणजे आधी एका जागी तुंबायचं ते आता दोन जागी तुंबायला लागलं. काढून ठेवलंय, कोणाला हवं असेल तर फुकट न्या.

मग कुंडईच्या बाजूच्या एका छोट्या वर्कशॉपमधले मिस्त्री बघायला आले. वय झालेला माणूस, बोलणं कमी. त्यांनी नळकांड्याकडे बघितलंसुद्धा नाही, मशीन चालू करायला लावलं, एक फांदी घातली, कान दिला आणि म्हणाले, "बाब, तुज्या मशिनाक वारो मेळना" (तुझ्या मशीनला हवा मिळत नाही). आणि तेच खरं होतं. हे मशीन चिप्स नुसत्या ढकलत नाही, डिस्कचे पंखे हवा ओढतात आणि त्या हवेच्या झोतावर माल बाहेर जातो. आणि पंख्याचं गणित असं असतं की स्पीड थोडा पडला तरी दाब जास्त पडतो, आरपीएम (मिनिटाचे फेरे) १० टक्के उतरला की दाब १९ टक्क्यांच्या आसपास उतरतो. त्यामुळे इंजिन फुल रेसवर आहे असं वाटत असतं आणि तरी माल बाहेर येत नाही.

तर स्पीड का पडतो हे आधी बघायचं. आमच्याकडे दोन गोष्टी निघाल्या. एअर फिल्टरवर लाकडाचा भुसा इतका बसला होता की फोमचा रंगच कळत नव्हता, साबणाच्या पाण्यात धुवून, पूर्ण वाळवून, दोन थेंब तेल लावून परत बसवला (हे फोमवाल्यालाच, कागदी असेल तर धुवायचा नाही, झटका नाहीतर बदला). दुसरं आणि मोठं म्हणजे पट्टा. इंजिनचा आवाज अजिबात बदलत नव्हता पण फांदी घातली की डिस्क मंदावत होती, म्हणजे पट्टा पुलीवर घसरत होता. गार्ड उघडला तर आत काळी रबरी पावडर, पट्ट्याच्या कडा काचेसारख्या चकचकीत. अंगठ्याने मध्ये दाबला की साधारण अर्धा इंच दबायला पाहिजे, आमचा त्याच्या दुप्पट दबत होता. जळलेल्या रबराचा वास येत असेल तर बाकी काही शोधत बसू नका, आधी पट्टा बघा.

पट्टा बदलून निम्मा जोर आला, बाकीचा निम्मा पात्यांत अडकलेला. हा भाग नीट वाचा कारण आपल्याकडे हाच घोळ जास्त होतो. झावळ्या आपण जमिनीवरून फरफटत आणतो, त्यांना लाल माती आणि चिऱ्याची बारीक खडी चिकटलेली असते, ती पात्याची धार खाऊन टाकते. बोथट पातं कापत नाही, ठेचतं, मग चिप्सऐवजी लांब लांब दोरे निघतात आणि दोरे हवेवर उडत नाहीत, पंख्याला गुंडाळतात. ओळखायची खूण सोपी, बाहेर पडलेला माल मुठीत घ्या. स्वच्छ कापलेले तुकडे असतील तर पाती ठीक, कडा फाटलेल्या आणि केसाळ असतील तर पाती उतरवायची वेळ झाली.

धार लावणाऱ्याला सांगा की एका बाजूचा मूळ कोन ठेव आणि पातं गरम होऊ देऊ नको, मध्ये मध्ये पाण्यात बुडव. ग्राइंडरवर धार निळी पडली की पात्याचं पाणी उतरलं, मग ती धार जास्त टिकत नाही. दोन्ही पाती सारखी घासली गेली पाहिजेत, एक हलकं एक जड झालं की मशीन थरथरतं आणि बेअरिंग जातं. आणि धार लावून परत बसवताना पातं आणि खालची फिक्स पट्टी यांच्यातलं अंतर नव्याने सेट करायलाच हवं, कारण घासल्यावर पातं मागे जातं. लहान मशीनना हे अंतर साधारण एक ते दोन मिलिमीटर असतं, आपल्या मॅन्युअलमध्ये जे दिलंय तेच धरा, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून दोन्ही पात्यांना वेगवेगळं मोजा. मिस्त्रींनी फिक्स पट्टी सोडवून उलटी बसवली, तिची न वापरलेली कड वर आली, नवी पट्टी घ्यावी लागली नाही. डीलरच्या माणसाला हे सुचलं नव्हतं, का सुचलं नसेल याचा अंदाज आपापला करा.

शेवटी डिस्कच्या घराच्या आतली बाजू. काजूचा चीक आणि ओला भुसा मिळून तिथे पापुद्रा जमतो, वर आपल्या पावसातली हवा, मशीन शेडमध्ये झाकून ठेवलं तरी आत गंज धरतो, आणि त्या खरखरीत पत्र्यावर माल चिकटत जातो. खरवडून, वायर ब्रश मारून, तेलाचा हात फिरवला. आता काम संपल्यावर दोन मिनिटं रिकामं फुल रेसवर चालवतो, आतलं सगळं बाहेर पडतं, मगच बंद.

हे सगळं उघडताना इंजिन बंद, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला, आणि डिस्क पूर्ण थांबेपर्यंत हात लांब. जड डिस्क इंजिन बंद झाल्यावरही बराच वेळ फिरत राहते. तुंबलेलं नळकांडं काढायला हात घालणारे बघितलेत म्हणून लिहितोय, बंद मशीनमध्येसुद्धा काठीच वापरा. लुंगी आणि गळ्यातला टॉवेल नको, चष्मा हवाच.

एवढं करून फांद्या आता पहिल्यासारख्या उडतात. ओल्या झावळ्या? सुधारणा आहे पण मशीनची मर्यादा ती मर्यादाच, एवढ्या इंजिनाचं ते काम नाही. आम्ही झावळ्या उन्हात तांबूस होईपर्यंत पसरतो, बुडखा कोयत्याने तोडून वेगळा काढतो (तो चुलीला जातो), झावळ जाड बाजूने घालतो आणि दोन-तीन झावळ्यांमागे एक सुकी काजूची फांदी, ती आतला ओला माल ढकलून नेते. हॉपर गच्च भरायचा नाही, हवा तिथूनच आत जाते, भोक बंद केलं तर पंखा ओढणार काय. केळीचा गाभा तर चुकूनही नको, त्याचे धागे शाफ्टला असे बसतात की ब्लेडने कापून काढावे लागतात. भर पावसात मी झावळ्या घालतच नाही, ढीग राहू दे.

निघालेला माल पोफळीच्या आळ्यात पातळ पसरतो, बुंध्याला लागू देत नाही. मोठा ढीग करून कुजत ठेवू नका, माडावरच्या गेंड्या भुंग्याला अंडी घालायला तसली जागा फार आवडते.

घेणाऱ्यांनी दुकानात तीन गोष्टी विचारा: पाती आणि फिक्स पट्टी सुटी मिळते का, पट्ट्याचा साइज काय, आणि ओल्या झावळीचा डेमो देणार का. सुकी फांदी घालून डेमो सगळेच देतात. आमच्या डीलरकडे पट्टा ऑर्डर करून मागवावा लागतो म्हणे, तोच नंबर म्हापशाला हार्डवेअरवाल्याकडे लगेच मिळाला. पट्ट्यावरचा नंबर वापरून पुसला जातो, त्यामुळे नवीन असतानाच मोबाईलवर फोटो काढून ठेवा.