वाइनचं कपाट, सोळा महिने आणि एकाच खोक्यातल्या सहा बाटल्या

४६ बाटल्यांचं, कंप्रेसरवर चालणारं वाइनचं कपाट घरी येऊन सोळा महिने झाले. दाराची काच, आतला दिवा यांबद्दल पहिल्याच आठवड्यात लिहिता आलं असतं. पण कपाट वाइन नीट सांभाळतं की नाही, हे बाटल्या उघडायला लागल्याशिवाय कळत नाही, म्हणून मुद्दाम थांबले.

कपाट आलं त्या दिवशी माझ्याकडे जर्मनीतल्या मोझेल भागातल्या रीसलिंग या पांढऱ्या वाइनच्या सहा बाटल्या होत्या, एकाच वर्षाच्या, एकाच खोक्यातल्या. तीन कपाटात आडव्या ठेवल्या, तीन माळ्यावर. माळ्यावरच्यांनी दोन उन्हाळे काढले.

गेल्या महिन्यात सहा मित्रमैत्रिणींना बोलावलं आणि दोन्हीकडची एकेक बाटली आत जाऊन उघडली. प्रत्येकापुढे तीन ग्लास ठेवले: दोनांत एका बाटलीतली वाइन, तिसऱ्यात दुसरीतली. वेगळा ग्लास कुठला, एवढंच ओळखायचं. नुसत्या अंदाजाने सहांतल्या दोघांचं बरोबर यावं. पाच जणांनी अचूक उचलला. सहाव्याला सर्दी झाली होती.

माळ्यावरच्या बाटलीचं बूच काचेच्या कडेपेक्षा किंचित वर आलं होतं आणि बाजूने एक चिकट ओघळ सुकला होता. उष्णतेने वाइन फुगते आणि बूच ढकलते. मग थंड झाल्यावर आकसते आणि हवा आत ओढली जाते. रॉकेलसारखा वास दोन्ही बाटल्यांत होता. मुरलेल्या रीसलिंगची ती ओळखच आहे; टीडीएन नावाच्या संयुगामुळे तो येतो आणि उष्णतेत लवकर वाढतो. माळ्यावरच्या बाटलीत तो बाकी सगळ्यावर चढून बसला होता. कपाटातल्या बाटलीत आधी लिंबाची साल, मग जिभेच्या कडांना झिणझिण्या आणणारा आंबटपणा, आणि रॉकेल अगदी शेवटी, घोट गिळल्यावर. एक मैत्रीण म्हणाली, "ही अजून जागी आहे गं." मला तेवढ्यासाठीच हे कपाट हवं होतं.

आता तक्रारी. पॅनेलवर १२ अंश दिसत असताना वरच्या फळीवर माझा तापमापक १५ दाखवत होता. त्यासाठी पाणी भरलेली बाटली ठेवून तिच्यात तापमापक सोडला होता, कारण दार उघडलं की आतली हवा लगेच बदलते, बाटलीतलं द्रव नाही. दीर्घकाळ मुरवायला १२-१३ अंश हवेत, त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते सतत वरखाली होता कामा नये. म्हणून आता मुरवायच्या बाटल्या खाली आणि लवकर प्यायच्या वर. कोरड्या दिवसांत आतला दमटपणा ४५ टक्क्यांवर आला होता. तळाशी पाण्याचा वाडगा ठेवल्यावर ६० झाला. आणि ४६ हा आकडा बोर्दोच्या सडपातळ बाटल्यांचा आहे. बर्गंडीच्या रुंद बाटल्या मिसळल्या की ३७ वर गाडी थांबते. सातव्या महिन्यात घरघर सुरू झाली. दुरुस्तीचा माणूस तीन आठवड्यांनी आला. दोष एवढाच निघाला की कपाटाचा एक पाय सैल होता. हे फोनवर सांगता आलं असतं.

सगळ्यात खटकतं ते हे की बाटली उभी करायला जागाच नाही. जुन्या रेड वाइनमधले टॅनिन (तुरटपणा देणारे घटक) आणि रंगद्रव्यं एकमेकांना धरून तळाशी गाळ बनवतात. तो बसायला बाटली दोन दिवस उभी लागते. मी एक फळीच काढून टाकली.

रीसलिंग उघडली त्याच संध्याकाळी २००४ ची बरोलो, इटलीची रेड वाइन, तशी उभी करून ठेवलेली होती. जुनं बूच स्क्रूने ओढलं की भुगा होऊ शकतो, म्हणून दोन पातळ पात्यांचं ओपनर काचेच्या आणि बुचाच्या मधे हळूहळू सरकवत, गोल फिरवत काढलं. मानेखाली टॉर्च धरून एका धारेत वाइन ओतली आणि गाळाची काळी रेघ मानेशी आल्याबरोबर हात थांबवला. बरोलो ज्या द्राक्षांची असते त्या नेब्बिओलोच्या वाइनचा रंग मुळातच फिका, इथे कड विटकरी झालेली. पहिली दहा मिनिटं बंद खोलीसारखा वास होता, मग वाळलेला गुलाब आणि डांबर. तुरटपणा होताच, पण दात आंबवणारा नाही. सगळे गप्प बसून पीत होते. तासाभराने गुलाब ओसरू लागला, तोवर बाटलीही संपली होती. एवढ्या जुन्या वाइनला तासन्‌तास हवा देत बसू नका.

त्या संध्याकाळची आणखी एक बाटली ओल्या पुठ्ठ्यासारखी वास मारत होती. तो बुचातल्या टीसीए नावाच्या संयुगाचा दोष, कपाटाचा नव्हे, ओतून दिली.

वर्षभरात पिऊन संपणाऱ्या वाइनसाठी हे कपाट घेऊ नका, थंड आणि अंधारी जागा पुरेल. पाच-दहा वर्षं थांबायची तयारी असेल तर घ्या, पण स्वतःचा तापमापक ठेवा. माझ्या रीसलिंगच्या उरलेल्या दोन तळाच्या फळीवर आहेत. माळ्यावरच्या दोनही आता त्यांच्याच शेजारी आडव्या ठेवल्यात, कारण पुढच्या वर्षी याच सहा जणांना चारही उघडून द्यायच्या आहेत.