‘संपूर्ण पोषण’ देणारे द्रवखत : एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंतच्या वापरानंतर

माशांच्या टाकीतील वनस्पतींसाठी मिळणाऱ्या या द्रवखताच्या बाटलीवर पुढच्या बाजूला ‘संपूर्ण पोषण’ असे ठळक छापलेले आहे आणि मागच्या बाजूला, भिंगाशिवाय वाचता येणार नाही इतक्या बारीक टायपात, ‘नायट्रेट व फॉस्फेटविरहित’ अशी एक ओळ आहे. नत्र आणि स्फुरद वगळून पोषण संपूर्ण कसे होते, हे विचारण्यासाठीच खरे तर हा अनुभव लिहीत आहे.

माझी टाकी तीन फुटी, सुमारे १०० लिटरची आहे. तीत वनस्पती भरपूर आणि मासे मोजके, म्हणजे टेट्रांचा एक लहानसा थवा आहे. डोस लेबलप्रमाणे चालू असतानाही हायग्रोफिलाची खालची पाने संपूर्णपणे, शिरांसकट, पिवळी पडून गळू लागली. शेंडे मात्र हिरवेगार होते. पाठोपाठ अ‍ॅमेझॉन स्वॉर्डची बाहेरची जुनी पाने त्याच वाटेने गेली. ग्राहक सेवेला छायाचित्रांसह लिहिले, तेव्हा ‘डोस दुप्पट करावा’ असे एका ओळीचे उत्तर आले. जो घटक बाटलीत मुळी नाहीच, तो दुप्पट ओतल्याने पाण्यात कसा येणार? बाटली तेवढी निम्म्या काळात संपली असती.

पिवळेपणा कोणत्या पानावर आधी दिसतो, यावर निदानाचा निम्मा भाग उलगडतो. नत्र, स्फुरद, पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम हे घटक वनस्पती जुन्या पानांतून काढून नव्या वाढीकडे वळवू शकते, म्हणून त्यांची कमतरता खालच्या पानांवर उमटते. लोह एकदा पानात बसले की सहसा हलत नाही, त्यामुळे त्याची उणीव शेंड्यावर दिसते. जुने पान सरसकट पिवळे झाले तर संशय नत्रावर घ्यावा. त्याच पानाला टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पडून कडा पिवळ्या पडत असतील, तर पालाशावर. नव्याने आणलेल्या रोपांना मात्र हे निकष लगेच लावू नयेत, कारण रोपवाटिकांत बरीच रोपे पाण्याबाहेर वाढवलेली असतात आणि टाकीत आल्यावर त्यांची जुनी पाने तशीही झडतात. क्रिप्टोकोरिन या वनस्पतीच्या बाबतीत तर हे ठरलेलेच आहे.

माझ्या पाण्याची नायट्रेट चाचणी शून्याच्या रंगावर थांबली. (चाचणीची दुसरी बाटली जोरात आणि पुरेसा वेळ हलवली नाही, तर आकडा खोटाच कमी येतो, हे लक्षात ठेवावे.) माशांची गर्दी असलेल्या, रोज भरपूर खाद्य पडणाऱ्या टाकीत नायट्रेट आपोआप साचते आणि तेथे हेच खत पुरेसे ठरेल, हे मान्य करतो, पण तसे लेबलवर लिहायला काय हरकत होती?

उपाय द्राक्षबागायतदारांच्या ओळखीचा निघाला : शेतीच्या दुकानात मिळणारे १३:००:४५ (हे आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांची टक्केवारी सांगतात), म्हणजेच पोटॅशियम नायट्रेट. १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम टाकल्यास प्रतिलिटर सुमारे ६ मिलिग्रॅम नायट्रेट आणि ४ मिलिग्रॅमच्या आसपास पालाश मिळते. आठवड्याला २ ग्रॅम धरले, तरी एक किलोची पिशवी नऊ वर्षांहून अधिक पुरेल आणि तिच्यासाठी मोजलेले पैसे या एका बाटलीच्या किमतीहून कमी होते. दुकानात त्याच फळीवर असलेले १९:१९:१९ हे खत मात्र चुकूनही उचलू नये. त्यातील युरिया आणि अमोनियम माशांच्या जिवावर बेतू शकतात. पोटॅशियम नायट्रेट स्वतः ज्वलनाला चालना देणारे असल्याने ते गॅसच्या शेगडीपासून आणि मुलांच्या हातापासून दूर ठेवावे.

जुनी पाने पुन्हा हिरवी झाली नाहीत, ती कापून टाकली. नंतर आलेली पाने खाली गेल्यावरही टिकू लागली, एवढाच पुरावा ग्राह्य धरला. येथवर आल्यावर ही बाटली म्हणजे रंगीत पाणी आहे, असे माझे मत झाले होते आणि मी ती बंदही केली. ते मत मला बदलावे लागले. काही आठवड्यांतच रोटालाचे शेंडे फिकट पडले, शिरा हिरव्या आणि मधला भाग पांढुरका पिवळा. बाटली पुन्हा सुरू केल्यावर शेंड्यांना रंग परत आला. म्हणजे लोह आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये हिच्यात आहेत आणि ती चांगली आहेत.

मग उन्हाळ्यात सोसायटीत टँकर सुरू झाले. भातसा, वैतरणा, तानसा या तलावांतून येणारे महापालिकेचे पाणी मृदू असते. आमच्याकडे आलेले टँकरचे पाणी जड निघाले आणि टाकीचा पीएच ७.८ पर्यंत चढला. डोस चालू असूनही शेंडे पुन्हा पिवळे! बाटलीतले चिलेटेड लोह, म्हणजे पाण्यात विरघळलेले राहावे म्हणून दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेले लोह, नेमके कोणत्या स्वरूपात आहे, या माझ्या साध्या प्रश्नाला बऱ्याच पाठपुराव्यानंतर ‘ईडीटीए’ असे उत्तर मिळाले. पीएच साडेसहाच्या वर गेला की ईडीटीएची लोहावरील पकड सैल होऊ लागते. लोह धरून ठेवणारे दुसरे रसायन डीटीपीए साधारण साडेसातपर्यंत टिकते आणि तिसरे, ईडीडीएचए, त्याहूनही वर, पण त्याने पाण्याला लालसर छटा येते. टँकरचे महिने मी थोडे डीटीपीए लोह वरून देऊन काढले. पाऊस लागून नळाचे पाणी पूर्ववत झाल्यावर त्याची गरज उरली नाही.

सध्या पोटॅशियम नायट्रेटच्या जोडीला हे द्रवखत अर्ध्या डोसने चालू आहे आणि संपल्यावर लहान बाटली पुन्हा घेईन, पण ती लोहाची बाटली म्हणून. लेबलवर लोहाची टक्केवारी आणि त्याचे स्वरूप हे दोन शब्द छापले असते, तर मला ग्राहक सेवेशी पत्रव्यवहार करावा लागला नसता. झाकणावर पहिली खूण ५ मिलिलिटरची आहे आणि १०० लिटरसाठी सांगितलेला डोस २ मिलिलिटरचा. त्यामुळे औषधाच्या दुकानातून एक सिरिंज आणून ठेवावी.