सॅमसंग गॅलॅक्सी टॅब ए९: लहान मुलांच्या हाती द्यावा का?

टॅब घ्यायला गेलं की दुकानात बोलणं रॅम, प्रोसेसर आणि कॅमेऱ्यापासून सुरू होतं. चार वर्षांच्या मुलासाठी पाहायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. त्याला तो दोन हातांत नीट धरता येतो का, फरशीवर पडला तर वाचेल का, आणि नको तिथे बोट गेलं तर अडवणारं कुलूप किती पक्कं आहे? या तिन्ही बाबतींत टॅब ए९ त्याच्या किमतीला न्याय देतो. वाचनासाठी मात्र तो अपुरा पडतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये हा टॅब आला. पडदा ८.७ इंची, रिझोल्यूशन १३४० × ८००, प्रोसेसर हेलिओ जी९९, बॅटरी ५१०० एमएएच आणि वाय-फाय मॉडेलचं वजन ३३२ ग्रॅम. यातला वजनाचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. जाड फोमचं कव्हर चढवलं की अर्ध्या किलोच्या आसपास जातं, आणि तेवढं लहान मूल मांडीवर ठेवून सहज सांभाळतं. याचाच मोठा भाऊ ए९ प्लस ११ इंची आणि ४८० ग्रॅमचा आहे. कव्हर घातलं की तो तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हातात टिकत नाही, आणि पडणारा टॅब बहुतेक वेळा कोपऱ्यावरच आपटतो.

सिमकार्डचं मॉडेल घेऊ नका. वाय-फायवाल्यात घरचा राउटर बंद केला की इंटरनेट बंद, हे सगळ्यात साधं आणि खात्रीचं नियंत्रण आहे. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज या वयाला पुरतं. त्यातली बरीच जागा सिस्टिमच घेते, म्हणून गाणी आणि व्हिडिओंसाठी ६४ किंवा १२८ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड घाला. कार्डाचा ट्रे पिनेने उघडतो. ती पिन आणि कार्ड दोन्ही मुलाच्या हाती लागू देऊ नका, तोंडात जातात.

आता खरी जमेची बाजू, सॅमसंग किड्स, म्हणजे टॅबमध्येच असलेला मुलांसाठीचा कुलूपबंद भाग. वरून क्विक पॅनल खाली ओढायचं आणि ‘किड्स’चं चिन्ह दाबायचं. चिन्ह दिसत नसेल तर पॅनलच्या संपादनात जाऊन ते वर आणून ठेवायचं. पहिल्यांदा चार आकडी पिन मागितली जाते. ती टॅबच्या लॉकपेक्षा वेगळी ठेवा आणि मुलाच्या जन्मसालावर बेतू नका. पालकांचं बोट कुठे फिरतं हे मुलं बरोबर टिपतात, त्यामुळे पिन टाकताना पडदा वळवून घ्या. मग पालकांच्या सेटिंगमध्ये जाऊन रोजची वेळ ठरवा आणि चालणारी ॲप्स एकेक करून निवडा. मुलाला फक्त तेवढंच दिसतं, आणि बाहेर पडायला पिन लागते. यासाठी मुलाच्या नावाचं वेगळं गूगल खातं लागत नाही, ही पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मोठी सोय आहे.

इथेच एक चूक वारंवार होते. किड्समध्ये एखादं बाहेरचं ॲप घातलं की त्या ॲपच्या आतल्या मजकुरावर किड्सचा ताबा राहत नाही. फुकटच्या चित्रं रंगवायच्या खेळात जाहिराती येतात, आणि जाहिरातीतलं बटण मूल दाबणारच. उपाय असा: आधी ते ॲप स्वतः दहा मिनिटं वापरून बघा, इंटरनेट बंद असताना चालतं का ते तपासा, आणि चालत असेल तर तसंच ऑफलाइन द्या. यूट्यूब किड्स द्यायचं असेल तर ‘फक्त मंजूर केलेला मजकूर’ हा पर्याय निवडा. त्यात शोधही बंद होतो आणि पालकांनी निवडलेली चॅनेल व व्हिडिओच दिसतात. मराठी बडबडगीतं हवी असतील तर ती चॅनेल हातानेच निवडून घालावी लागतात. हा अर्धा तास जरूर द्या; नाहीतर मूल घरी मराठी आणि पडद्यावर फक्त इंग्रजी-हिंदी ऐकतं.

मूल सहाच्या पुढे गेलं की गूगलचं पालक-नियंत्रणाचं ॲप फॅमिली लिंक अधिक उपयोगी. पालकांच्या फोनवर ते ॲप घालून मुलाचं खातं खऱ्या जन्मतारखेने उघडा. मग टॅब फॅक्टरी रीसेट करून (सगळं पुसून नव्यासारखा करून) पहिल्याच सेटअपमध्ये मुलाचं खातं घाला. आई-बाबांचं खातं आधीच असलेल्या टॅबवर हे करायला गेलं की अडतं, म्हणून रीसेट. नवीन ॲप आणि खरेदी या दोन्हींना पालकांची मंजुरी सक्तीची ठेवा. यूपीआयचं कोणतंही ॲप या टॅबवर नको.

वाचनाचं बोलू. उभा धरल्यावर या पडद्याची रुंदी जेमतेम ११.३ सेंटिमीटर भरते, तर ए४ कागद २१ सेंटिमीटरचा. म्हणजे मोठ्या आकाराच्या पुस्तकाची पीडीएफ निम्म्यावर येते आणि अक्षरं बारीक, थोडी धूसर दिसतात. ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीने मोफत उपलब्ध करून दिले आहेत. तो खजिना या पडद्यावर सतत झूम करत वाचावा लागतो, आणि मूल कंटाळतं. स्टोरीवीव्हर या बालपुस्तकांच्या संकेतस्थळावरच्या मराठी चित्रकथा मात्र टॅब आडवा धरून छान वाचता येतात, कारण पानावर दोन-तीनच ओळी असतात. वाचता येणाऱ्या मुलासाठी घेत असाल तर ए९ प्लसकडे वळा. त्याची रुंदी १४.८ सेंटिमीटर आणि अक्षरं बरीच रेखीव.

आयपॅडचं ‘गाइडेड ॲक्सेस’ फार चांगलं आहे. एकाच ॲपमध्ये मुलाला थांबवता येतं आणि पडद्याचा नको तो भाग बोटाने गोल काढून निकामी करता येतो. पण साध्या आयपॅडची किंमत आणि वजन दोन्ही जास्त. अमेरिकेतले नातेवाईक अ‍ॅमेझॉनचा फायर किड्स टॅब आणतो म्हणाले तर नम्रपणे नको म्हणा. तिथे त्याला दोन वर्षांची बदलून देण्याची हमी मिळते. भारतात तो अधिकृतपणे विकलाच जात नाही, आणि त्यात प्ले स्टोअरही नसतं. तीन-चार हजारांचे बिननावाचे ‘किड्स टॅब’ तर टाळाच. कोणत्याही टॅबवर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट’खाली डिव्हाइस प्रमाणित आहे असं दिसलं पाहिजे.

कव्हर ईव्हीए फोमचं, मागे हँडल असलेलं घ्या. कड पडद्याच्या वर किमान दोन मिलिमीटर उचललेली हवी. उग्र वास येणारं परत करा, कारण मुलं कोपरे चावतात. कव्हर घट्ट असलं की पॉवरचं बटण सतत दाबलं जातं आणि टॅब आपोआप बंद-चालू होत राहतो. दोष टॅबचा समजून लोक सर्व्हिस सेंटरला जातात. बटणाजवळचा फोम ब्लेडने थोडा तासला की काम होतं. चार वर्षांखाली टेम्पर्ड ग्लासऐवजी लवचीक फिल्म लावा, काचेचे कण नकोत. चार्जिंगला लावलेला टॅब वापरू देऊ नका, ओढाताणीत यूएसबी-सी पोर्ट सैल होतो. हेडफोनसाठी आवाजाच्या सेटिंगमध्ये मीडियाची कमाल मर्यादा घालून ती पिनने कुलूपबंद करा.

मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर हा टॅब नको आणि दुसराही नको. भारतीय बालरोग अकादमीच्या मार्गदर्शनानुसार त्या वयात नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल सोडला तर पडदा नाहीच, आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीत.

घरी आणल्यावर बदलून मिळण्याची मुदत संपण्याआधी एक चाचणी करा. एखाद्या ॲपचं चिन्ह बोटाने दाबून धरा आणि चारही कडांवरून, मग तिरकं, सावकाश फिरवा. ते मध्येच सुटलं तर तिथे टच मेलेला आहे. हे कव्हर आणि फिल्म लावण्याआधी करा, आणि लावल्यावर पुन्हा एकदा.