समुपदेशन: समोर बसून की व्हिडिओवर?

पहिल्यांदाच समुपदेशकाकडे जायचंय, पण प्रत्यक्ष जावं की व्हिडिओवर बोलावं, यात एक मैत्रीण अडकली आहे. सुरुवात दोन्हीकडे सारखीच: साधारण ५० मिनिटांचं सत्र, संमतीपत्र आणि बरेचसे प्रश्न. झोप कशी लागते, घरी कोण असतं, आधी उपचार घेतले होते का. पहिल्याच दिवशी हलकं वाटेल असं नाही. कधीकधी उलट थकायलाच होतं.

खरा फरक एकांताचा. समुपदेशकाच्या खोलीचं दार बंद झालं की मोकळेपणी रडता येतं. घरी मात्र भिंतीपलीकडे कुणी आहे म्हटलं की आवाज आपोआप खाली येतो आणि नेमकं सांगायचं तेच गिळलं जातं. शिवाय मांडीवर चुरगाळला जाणारा रुमाल समुपदेशकाला स्क्रीनवर दिसत नाही.

वेळेत व्हिडिओ सरस, जाणंयेणं वाचतं. फी कमीच असेल असं धरू नका, आधी विचारा. सत्र ऐनवेळी रद्द केलं तर पैसे द्यावे लागतात का, तेही.

घरात एकांत नसेल तर प्रत्यक्षच जा. लहान मूल, आजारपण किंवा लांबचं अंतर असेल तर व्हिडिओ चांगला. जीव द्यावासा वाटत असेल तर मात्र निवडत बसू नका, तातडीची मदत लगेच गाठा.