आषाढातलं गुऱ्हाळ

माझी एक कथा दिवाळी अंकात आली होती, बारा पानांची. गूळ शिजवणाऱ्या म्हाताऱ्या गुळव्याचा एका रात्री अंदाज चुकतो आणि रसाची अख्खी काहील करपते, एवढीच गोष्ट. डिसेंबरात पुस्तकं काढणाऱ्या एकाचा फोन आला. "सर, ह्यात कादंबरी हाय. तुम्ही निस्तं व्हय म्हणा, दोनशे पानं आम्ही करतो."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी कोल्हापुरात बिंदू चौकात भेटलो. चहाचे पैसे त्यानं दिले, तेवढेच. विस्तार आणि संपादनाचे 14,000, आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाचे 4,000, सगळे मी आगाऊ भरले. त्याच टेबलावर करारावर सहीही केली, न वाचता. घरात सांगितलं नव्हतं.

तीन आठवड्यांत फाइल आली. पंचगंगेवरचा सूर्योदय पहिल्या चाळीस पानांत सात वेळा. माझा गुळव्या तिसऱ्या प्रकरणात विधुर, नवव्यात बायको त्याला भाकरी वाढते. आणि भर आषाढात गुऱ्हाळ चालू! आपल्याकडं चुलवाण पेटतं दसरा-दिवाळीच्या सुमाराला. आषाढात इथला पाऊस, चिपाडं भिजून चिंब, जाळणार काय? लिहिणाऱ्यानं गुऱ्हाळ बघितलेलंच नव्हतं. लिहिणारा माणूस होता की नाही, हीच मला शंका आहे.

खरं तर कथेला ती एक रात्र पुरत होती. कादंबरी करायची तर गुळव्याला हा हात कुणी शिकवला, मालकाच्या पोराला गुऱ्हाळ मोडून कारखान्याला ऊस का घालायचाय, हे सगळं यायला हवं होतं. त्यातलं एक अक्षर नाही. तीच रात्र पाणी घालून वाढवलेली. नमुन्याचं एक प्रकरण आधी मागितलं असतं तर तिथंच कळलं असतं.

पैसे परत मागितले तर त्यानं करार पुढं केला: "कथेचे व विस्तारित रूपाचे सर्व हक्क". भाचा वकील आहे. तो म्हणाला, मामा, मुदत लिहिलेली नाही, म्हणजे 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणं पाच वर्षं धरायची. आणि आयएसबीएन तर राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी एजन्सी फुकट देते, लेखकाला स्वतः अर्ज करता येतो. ते 4,000 सगळ्यात जास्त झोंबले.

त्याच कलमात आणखी एक आहे. हक्क घेणाऱ्यानं वर्षभरात ते वापरलेच नाहीत, आणि करारात वेगळं काही नसेल, तर ते परत येतात. करार मी आता तीनदा वाचलाय, वेगळं काही नाही. संक्रांतीची वाट बघतोय.