डीई-5000 एलसीआर मीटर: किलोहेन्रीचा आकडा कुठवर खरा धरायचा

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीसारख्या औद्योगिक भागात पीटी (व्होल्टेज मोजण्यासाठीचा ट्रान्सफॉर्मर), चोक किंवा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर बांधणाऱ्या वर्कशॉपने डीई-5000 हा इंडक्टन्स (एल), कपॅसिटन्स (सी) आणि रेझिस्टन्स (आर) मोजणारा मीटर जरूर घ्यावा. शिफारस आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मर्यादाच जास्त येणार आहेत.

100 आणि 120 हर्ट्झ, 1, 10 आणि 100 किलोहर्ट्झ अशा पाच फ्रिक्वेन्सी, केल्विन जोडणी (चार तारांची, म्हणजे तारांचा रेझिस्टन्स मोजणीत येत नाही), मूळ अचूकता 0.3 टक्के आणि इंडक्टन्सची (एकक हेन्री) सर्वांत वरची रेंज 2 किलोहेन्री. हातात मावणाऱ्या सगळ्याच मीटरमध्ये एवढी वर जाणारी रेंज मिळत नाही. कित्येक स्वस्त मीटर 20 हेन्रीलाच हात टेकतात. मात्र ही वरची रेंज 100-120 हर्ट्झलाच चालते आणि तिथे 0.3 टक्क्यांची अपेक्षा ठेवू नये.

स्क्रीनवरचे एकक आपोआप बदलते, तिथे पहिली चूक होते. 1.250 केएच (किलोहेन्री) म्हणजे 1250 हेन्री, म्हणजेच 12,50,000 मिलिहेन्री. रिपोर्टमध्ये सगळे आकडे हेन्रीतच लिहावेत. मोबाइलवरच्या कन्व्हर्टरने रूपांतर करायचे असेल तर लहान एम आणि मोठा एम नीट पाहा: मिलि आणि मेगा यांत 100 कोटी पटींचा फरक आहे. कन्व्हर्टरच्या यादीतली टेराहेन्री, एक्साहेन्री ही नावे सोडून द्या. 1 स्टॅटहेन्री म्हणजे सुमारे 8.99×10¹¹ हेन्री, अशी कॉइल कोणी बांधत नाही. एबहेन्री हे जुन्या सीजीएस पद्धतीतले एकक, बरोबर 1 नॅनोहेन्री.

मग किलोहेन्री लागते कुठे? मोठ्या रिअॅक्टरला नाही. 420 केव्ही, 125 एमव्हीएआरचा शंट रिअॅक्टर (वीजवाहिनीला समांतर जोडलेली मोठी कॉइल) घ्या: 420 चा वर्ग भागिले 125, म्हणजे 1411 ओहम, आणि 50 हर्ट्झला जेमतेम 4.5 हेन्री. किलोहेन्री भेटते पीटीच्या प्रायमरीत, म्हणजे जास्त व्होल्टेजच्या वाइंडिंगमध्ये. 11 केव्ही/√3 ते 110 व्ही/√3 या पीटीचा रेशो 100. सेकंडरीवर (कमी व्होल्टेजच्या वाइंडिंगवर) 2 हेन्री असतील तर प्रायमरीकडून ते रेशोच्या वर्गाने, 10,000 पटीने वाढून 20,000 हेन्री होतात. रेशोने एकदाच गुणून 200 हेन्री लिहिलेले रिपोर्ट याच चुकीचे असतात.

प्रायमरीला थेट क्लिपा लावल्या तर 20 किलोहेन्री दिसणार नाहीत. एक तर ते रेंजबाहेर आहे. शिवाय वाइंडिंगची स्वतःची कपॅसिटन्स आड येते: नुसते 200 पिकोफॅरड धरले तरी 20 किलोहेन्रीबरोबर रेझोनन्स साधारण 80 हर्ट्झला येतो. मीटरची सर्वांत खालची फ्रिक्वेन्सी 100 हर्ट्झ, म्हणजे रेझोनन्सच्या पलीकडे. तिथे वाइंडिंग कपॅसिटरसारखी वागते आणि इंडक्टन्सचा आकडा उणे किंवा निरर्थक येतो. मीटर बिघडला असे समजून परत पाठवू नका. मोजणी सेकंडरीवर करा.

सेकंडरीवरही एक अडचण राहते. मीटरचा टेस्ट सिग्नल एका व्होल्टपेक्षा कमी असतो. इतक्या कमी फ्लक्सला सीआरजीओ (ट्रान्सफॉर्मरचे सिलिकॉन स्टील) कोअरची पर्मिएबिलिटी, म्हणजे चुंबकीय फ्लक्स वाहून नेण्याची क्षमता, बरीच कमी असते, त्यामुळे आकडा रेटेड व्होल्टेजच्या मानाने कितीतरी कमी येतो. रेटेड व्होल्टेजचा खरा आकडा हवा असेल तर व्हेरिअॅकने (व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) सेकंडरीला 63.5 व्होल्ट द्या आणि करंट मोजा. 0.1 अँपिअर आले तर 63.5 भागिले (314 × 0.1), म्हणजे साधारण 2 हेन्री. पण या वेळी उघड्या प्रायमरीवर 6350 व्होल्ट उभे असतात: अर्थ करायचे टोक अर्थला, दुसरे टोक मोकळे आणि बॅरिकेडच्या आत, जवळ कोणी नाही. डीसी रेझिस्टन्स टेस्ट आधी झाली असेल तर कोअरमध्ये उरलेला चुंबकपणा घालवून मगच मोजा, नाहीतर एकाच नगाचे दोन वेगळे आकडे मिळतील.

मग मीटर कशासाठी? एकाच बॅचच्या नगांची तुलना करायला. शॉर्ट झालेला टर्न असेल तर त्या नगाचा आकडा इतरांपेक्षा एकदम खाली येतो, आणि ते मिनिटभरात कळते. लीकेज इंडक्टन्स (दोन्ही वाइंडिंगला सामाईक नसलेल्या फ्लक्सचा) मोजायलाही तो उत्तम: दुसरी वाइंडिंग शॉर्ट केली की कोअरच्या या भानगडी बव्हंशी निघून जातात. मोठ्या इंडक्टन्सला पॅरलल मोड, लहान लीकेजला सीरिज मोड घ्या. ओपन आणि शॉर्ट कॅलिब्रेशन रोज, ज्या क्लिपांनी मोजणार त्याच लावून करा. वाइंडिंग डिस्चार्ज केल्याशिवाय क्लिप लावू नका, उरलेल्या चार्जने इनपुट जळतो.

काही विक्रेते क्लिपांची टीएल-21 जोडणी वेगळी विकतात, ऑर्डरआधी विचारा. कॅलिब्रेशन सर्टिफिकेटसाठी मकरपुऱ्यातच ईआरडीए ही विद्युत चाचणी संस्था आहे. चौकशी करताना 100 हर्ट्झला कोणकोणते हेन्रीचे पॉइंट तपासून हवेत ते लिहून द्या.